काचेची उलटी बाजू

हेडली ग्रीनवुड कशाकशाला भ्यायचा हे सांगत बसलं तर दिवस मावळेल. कुत्री, शिड्या, टेलिफोनची घंटा, मोठ्यानं बोलणारी माणसं, हिवाळ्यात निसरडी होणारी चॅपलची पायरी, गॅसची शेगडी. रेल्वेच्या पार्सल कचेरीत त्याचा जन्म गेला, पण फलाटावर गाडी शिरताना हा गडी भिंतीला पाठ चिकटवून उभा. त्याची बायको मर्टल म्हणायची, "आमचा हेडली ना, वाटेत स्वतःची सावली आडवी आली तरी आधी 'माफ करा' म्हणतो."

भीत नव्हता तो एकाच गोष्टीला, रेल्वेच्या जुन्या फोटोंना. फोटोतली गाडी अंगावर येत नाही. फोटोतला पूल पडायचा असेल तर तो केव्हाच पडून गेलेला असतो आणि त्याची चौकशीही संपलेली असते. जे काही वाईट घडायचं ते घडून गेलेलं, अशी जागा जगात आणखी कुठे मिळते?

आमच्या हेबरशॉत चॅपलच्या मागच्या खोलीत रेल्वेवेड्यांची मंडळी जमते. चहा, आल्याचा केक, आणि मग दिवे घालवून पडद्यावर फोटो. सगळ्यात शेवटी 'हे कुठलं?' हा खेळ. अध्यक्ष मिस्टर फर्थ नाव-गाव नसलेला एखादा फोटो लावतात, आणि टक्कल पडलेली, नातवंडं असलेली माणसं त्यावरून अशी भांडतात की बाहेरच्याला वाटावं इस्टेटीची वाटणी चालली आहे. कुणी सिग्नलचा खांब बघतो, कुणी पुलाची कमान. हेडली मात्र गाडीकडे बघायचाच नाही, गाडीच्या मागे बघायचा. भित्र्या माणसाची नजर कुठेही गेली तरी आधी पळायची वाट शोधते. एकदा धुक्यात बुडालेला नुसता एक फलाट होता. सगळ्यांनी हात टेकले. हेडली हळूच म्हणाला, "बाकामागच्या भिंतीत मेंढरांना जायला भोक ठेवलंय. फलाटाला असं भोक असलेलं एकच ठेसन आहे आपल्याकडे." आणि ते तेच निघालं.

तर त्या साली, म्हणजे हेबरशॉचा बोगदा बंद होऊन, दोन्ही तोंडांना विटांच्या भिंती घालूनही बरीच वर्षं झाली होती तेव्हा, हेडलीला एका वारलेल्या म्हाताऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे खोकाभर काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या. त्यातली एक विलक्षण होती. लाकडी मनोरा, त्यावर चाक, चाकावरून खाली गेलेला दोर, आणि भोवती वेस्टकोट घातलेले दहा-बारा दाढीवाले मजूर छाती काढून उभे. बोगदा खणताना वरून विहिरीसारखे खड्डे मारतात, खालची माती उपसायला. काम झालं की बरेचसे खड्डे वर फळ्या टाकून, माती ओढून बुजवतात. म्हणजे बुजवतात असं म्हणायचं. फळीखाली पोकळीच असते, आणि फळी लाकडाची असते.

त्या काचेवरचा, चित्र धरून ठेवणारा मुलामा कडेनं सुटायला लागला होता. कागदावर छाप घेताना मुलाम्याची बाजू कागदाला टेकवायची असते, हे हेडलीला झोपेतही माहीत होतं. पण मुलामा खरवडला जाईल या भीतीनं त्यानं काच उलटी ठेवली. छाप उलटा येणार, तो मनातल्या मनात सुलटा करून बघायचा, इतकंच लक्षात ठेवायचं होतं.

पण कागदावर चित्र उमटायला लागलं आणि त्याचं भान हरपलं. मजुरांच्या मागे आपलंच चॅपल! पुढची नवी पडवी नसलेलं, दोन्ही अंगांनी सारखं, पण तेच. आणि त्याच्या मागे, लांब, गिरणीचं उंच धुराडं, जे हेडलीच्या लहानपणीच पाडलं होतं. या आनंदात काच उलटी ठेवल्याची गोष्ट डोक्यातून साफ निघून गेली.

गुरुवारी पडद्यावर तो फोटो आला आणि मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली. मग हेडली उठला आणि त्यानं चहाच्या टेबलावर मांडून दाखवलं. किटली म्हणजे चॅपल, मागे मिठाची बाटली म्हणजे धुराडं. "मी डावीकडे सरकलो की बाटली किटलीच्या डाव्या अंगाला दिसते. उजवीकडे सरकलो की उजव्या अंगाला. फोटोत धुराडं डावीकडे आहे. म्हणजे फोटोवाला चॅपलसमोर डाव्या हाताला उभा होता. बोगदा तर आपल्याला ठाऊकच आहे कुठून जातो ते. म्हणजे हा खड्डा आपल्या चेंडू गडगडवायच्या, बोलिंगच्या हिरवळीखाली आहे."

"त्या कोपऱ्यात माझा चेंडू कायम वाकडा जातो!" कुणीतरी ओरडलं. झालं, यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा होता? टाळ्या पडल्या, वर्षाचा चषक हेडलीला मिळाला, गावच्या पेपरात बातमी आली. नगरपालिकेनं हिरवळीभोवती दोरी बांधली. बोलिंगवाले म्हातारे रस्त्यात भेटले की हेडलीकडे असं बघायचे की यानंच रात्री जाऊन तो खड्डा खणलाय. हेडली त्यांना टाळायला लांबच्या गल्लीनं जायला लागला. पण मनातून खूश होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या सांगण्यावरून कुणी काहीतरी केलं होतं.

मर्टल इस्त्री करत होती. फोटो चुलीवरच्या फळीवर चषकाला टेकवून ठेवलेला. मर्टलनं लग्नाआधी लीड्सच्या शिवणकामाच्या कारखान्यात वेस्टकोटच वेस्टकोट शिवले होते. इस्त्री टेकवून ती फोटोजवळ गेली आणि हसायला लागली.

"हेडली, या बाप्यांना कपडे कुणी घातले रे?"

"का?"

"सगळ्यांची बटणं बायकांसारखी. उजवी बाजू डावीवर. एखादा वेंधळा असेल, पण सगळेच्या सगळे? आमच्या मुकादमानं असे वेस्टकोट तोंडावर फेकून मारले असते."

हेडलीच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं खाली ठेवला असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात तो चुलीपुढच्या गालिच्यावर पडला. मर्टल ओरडली, पण त्याला ऐकू आलं नाही. काच. मुलामा. उलटी बाजू. धुराडं डावीकडे नाही, उजवीकडे. फोटोवाला चॅपलच्या उजव्या हाताला उभा होता. आणि उजव्या हाताला, बोगद्याच्या बरोबर माथ्यावर, अल्मा रो, एकाला एक चिकटलेल्या घरांची ओळ. अल्मा रोचं टोकाचं घर. त्यांच्या लेकीचं, मॉरीनचं.

"दार," तो म्हणाला.

"कसलं दार?"

"तिच्या स्वयंपाकघराचं दार. हिवाळ्यापासून अडकतंय ते."

तो टोपी न घालता घराबाहेर पडला. हेडली ग्रीनवुड बिनटोपीचा रस्त्यात दिसला म्हणून दोन बायका दारात आल्या. अल्मा रोला पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. जावई ट्रेव्हर बस चालवायचा. तो नुकताच घरी आला होता आणि चक्क त्याच दारावर रंधा मारत होता. मॉरीन सिंकपाशी बटाटे सोलत होती. तीन वर्षांची ट्रेसी तिच्या पायाशी बसून सालांची माळ करत होती.

हेडलीनं सगळं सांगितलं. म्हणजे त्याच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं, बटणं, काच, किटली, मिठाची बाटली. "इथून निघा. आत्ता. या घराखाली विहीर आहे."

ट्रेव्हरनं रंधा खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर लोकांचे बोल ऐकून आलेला. "डॅड, गेल्या आठवड्यात विहीर हिरवळीखाली होती. तुम्हाला कप दिला त्याबद्दल. आता ती माझ्या सिंकखाली आली? पुढच्या आठवड्यात कुठे जाणार आहे, सांगून ठेवा, म्हणजे मी बस तिकडून नेणार नाही."

"ट्रेव्हर, मी चुकलो होतो."

"मग आताही चुकला असाल."

हेडलीनं वाकून दाराची चौकट चाचपली. त्यात मॉरीनच्या ओठांवर हसू आलं, आणि हेडलीला कळलं की आता स्कारबराची गोष्ट निघणार. मॉरीन लहान असताना ते स्कारबराला समुद्रावर गेले होते. हेडलीला भल्या पहाटे गॅसचा वास आला आणि त्यानं अख्ख्या बोर्डिंग हाऊसला जागं करून रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर काढलं. एक म्हातारे मेजर दातांशिवाय थंडीत उभे. शेवटी वास निघाला मालकीणबाईंच्या कोबीचा. त्या दिवसापासून या घरात कोबी शिजला की 'डॅड, बाहेर पळायचं का?' ठरलेलंच.

"डॅड," मॉरीन प्रेमानंच म्हणाली, "कोबी नाहीये आज. बटाटे आहेत. बस, चहा घे."

तो नगरपालिकेत गेला. तिथला मुलगा सभ्य होता. म्हणाला, इंजिनियर साहेब सध्या हिरवळीत भोकं पाडून बघतायत, मिस्टर ग्रीनवुड, तुमच्याच सांगण्यावरून. ते झालं की पुढचं बघू. मग मिस्टर फर्थांकडे गेला. फर्थ म्हणाले, "हेडली, पेपरात छापून आलंय. आता बटणांवरून मंडळीची शोभा करायची का?" आणि वर, "घरी जाऊन झोप काढ. तुझा चेहरा चुन्यासारखा झालाय."

पण झोप कसली! डोळे मिटले की फळ्या दिसायच्या. काळ्या, बुरसटलेल्या, ओलसर फळ्या. त्यांच्यावर माती, मातीवर फरशी, फरशीवर ट्रेसी सालांची माळ करत बसलेली. भीती त्याला नवी नव्हती, जन्माची सोबतीण होती. पण आजवर तिचं नि त्याचं दुरून होतं. ती आली की हा पळायचा, प्रश्न मिटला. या वेळी पळून उपयोग नव्हता. तो पळाला असता तर ती तिघं तिथेच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर कामावर गेल्यावर हेडली अल्मा रोला हजर. कुणाला काही न विचारता त्यानं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली, सिंकजवळ नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसला.

"हे काय आता?" मॉरीन म्हणाली.

"बसलोय."

"पुढच्या खोलीत बस ना, तिथे गादीची खुर्ची आहे."

"इथेच बरं आहे. ट्रेसीला तेवढं पुढच्या खोलीत ठेव. खेळू दे तिकडे."

मॉरीननं कपाळाला हात लावला. बापाशी भांडून काही होत नाही, तो भांडतच नाही, हे तिला माहीत होतं. तिनं पोरीला पुढे नेलं. हेडली दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी ट्रेव्हर यायच्या आधी निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. शेजारच्या मिस हर्स्टनी कुंपणावरून विचारलं, "तुझ्या वडलांना घरातून काढलंय का गं?"

आत बसून तो ऐकत होता. रस्त्यावरून कोळशाची गाडी गेली की फडताळातल्या बशा किणकिणायच्या. ते ठीक. पण एकदा रस्त्यावर काहीच नसताना किणकिणल्या. आणि एकदा, मॉरीन अंगणात कपडे वाळत घालत असताना, फरशीखालून आवाज आला. मोठा नाही. मुठीतून तांदूळ हळूहळू सोडावेत तसा. आला, थांबला.  पाय म्हणत होते ऊठ. सगळं अंग म्हणत होतं ऊठ. तो उठला नाही. त्यानं खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि प्रार्थना आठवायला लागला, पण त्याला फक्त स्टेशनांची नावंच आठवत होती, हेबरशॉपासून पुढची, ओळीनं.

मॉरीन रिकामी टोपली घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"कसला आवाज येतोय हा?"

टक टक टक टक. बारीक, भराभर.

तिनं नळ बघितला. घड्याळ बघितलं. मग तिची नजर खाली गेली. आवाज खुर्चीच्या पायाचा होता. बापाचे गुडघे इतके थरथरत होते की खुर्चीचा एक पाय फरशीवर आपटत होता. त्याची कॉलर भिजून मानेला चिकटली होती. ओठ पांढरे पडले होते.

"डॅड! अरे तुला बरं नाहीये."

"बरा आहे मी. भीती वाटतेय फक्त."

"मग इथे बसतोस कशाला? तुला एवढं खरं वाटतंय ना, मग इथे का बसतोस?"

हेडलीनं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कुणी हलत नाही म्हणून. कुणीतरी ऐकत बसायला हवं की नाही? आवाज आला की मी ओरडेन. मी ओरडलो की तू पोरीला उचल आणि पुढच्या दारानं पळ, मागे बघू नकोस. माझी काळजी करू नकोस, ओरडायला मी कचरणार नाही. तेवढं मला जमतं."

मॉरीननं टोपली खाली ठेवली. फलाटावर भिंतीला चिकटून उभा राहणारा हा माणूस. तिला पोहायला शिकवताना घोट्याभर पाण्याच्या पुढे न गेलेला हा माणूस. कोबीच्या वासाला पळालेला. तो पळत नव्हता. जगात ज्या जागेची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, नेमका तिथे खुर्ची टाकून बसला होता, कारण त्याच जागी ती रोज बटाटे सोलायला उभी राहायची.

तिनं शेगडी बंद केली. एप्रन काढून खुंटीला अडकवला. पुढच्या खोलीतून ट्रेसीला उचललं, मिस हर्स्टचं दार ठोठावलं आणि म्हणाली, "काही विचारू नका, तुमचा पक्षी घ्या आणि चला." मिस हर्स्ट पिंजरा घेऊन घरातल्या चपलांवरच बाहेर आल्या, अर्थात बडबड करतच. पोरीला त्यांच्याजवळ रस्त्यावर उभी करून मॉरीन परत आत गेली, कारण हेडली काही बाहेर येत नव्हता. त्याला उठताच येत नव्हतं. पाय गेले होते.

"तू जा," तो म्हणत होता. "जा ना गं, जा."

"गप बस," मॉरीन म्हणाली. तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि पोत्यासारखा ओढत बाहेर काढला. मग सगळी वरात, पिंजऱ्यासकट, मर्टलकडे गेली.

ट्रेव्हर संध्याकाळी कुलूप बघून थेट मर्टलच्या घरी आला आणि त्यानं जो तमाशा केला तो इथे सांगण्यासारखा नाही. एकाला वेड लागलं होतं, आता घराला लागलं. भाडं कोण भरणार, शेजारी काय म्हणतील, बस आगारात लोक काय म्हणतील. मर्टलनं त्याच्यापुढे खिमा भरलेली पाई आणि वाटाणे ठेवले. ते तेवढे त्यानं खाल्ले. हेडली कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मॉरीन फक्त म्हणाली, "तू डॅडचे गुडघे बघितले नाहीस, ट्रेव्हर." त्या रात्री ट्रेव्हर सासऱ्याच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर झोपला आणि सकाळी म्हणाला, पुरे झालं, मी दाढीचं सामान नि कामाची टोपी आणायला जातोय आणि दुपारी सगळ्यांना परत नेणार.

तो गेला आणि बराच वेळ आला नाही. मग आला. दारातून आत आला, खुर्चीत बसला, टोपी आणली नव्हती. मर्टलनं चहा पुढे केला. त्यानं कप बाजूला सारला. 

"दार," तो म्हणाला.

हेडलीनं मान वर केली.

"स्वयंपाकघराचं दार. ते अडकतं म्हणून मी नेहमीसारखा खांद्यानं धक्का देणार होतो. म्हणजे पुढे झुकलोच होतो. पण मूठ फिरवली आणि ते सहज उघडलं. आपोआप. बोटानं ढकलावं तसं." त्यानं हवेतच बोटानं ढकलून दाखवलं. "पलीकडे काहीच नव्हतं, डॅड. सिंक नाही, भिंत नाही. मिस हर्स्टच्या मागच्या खोलीतला वॉलपेपर दिसत होता, उघड्यावर. आणि खाली... मी खाली बघितलं."

हेडली रडायला लागला. सुटकेनं नाही. स्वयंपाकघर गेलं तेव्हा आत कुणी असतं तर, या भीतीनं. ती भीती त्याला नंतर कित्येक महिने झोपू देत नव्हती. लोकांना वाटलं, आता हा धीट होईल. कसला धीट होतोय! उलट आधी तो ज्याला भीत नव्हता त्यालाही भ्यायला लागला. जुने फोटो बघताना आता तो आधी प्रत्येक माणसाची बटणं तपासतो. चषक तो परत द्यायला गेला होता, चुकीच्या उत्तराला मिळालाय म्हणून. मिस्टर फर्थांनी घेतला नाही. त्यांच्याच्यानं त्याच्याकडे बघवतही नव्हतं. मर्टल त्यात आता बटणं ठेवते.

ट्रेव्हर-मॉरीनला वर्षभरानं गावाच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं. ट्रेव्हरचे आगारातले दोघं मित्र सामान हलवायला आले होते. ट्रेव्हरनं गाडीतून पहिली वस्तू उतरवली ती एक साधी खुर्ची. ती त्यानं रिकाम्या स्वयंपाकघरात मधोमध ठेवली आणि बाहेर येऊन हेडलीचा दंड धरला.

"डॅड, जरा बसून बघता का?"

मित्रांपैकी एक हसायला लागला. ट्रेव्हरनं त्याच्याकडे बघितलं, तसा त्याचा आवाज घशातच राहिला. हेडली आत जाऊन बसला, दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून. ट्रेसी मॉरीनच्या कडेवर दारात. मर्टल, मित्र, पलंगाची फळी धरलेला ट्रेव्हर, सगळे अंगणात जिथल्या तिथे उभे राहिले. कुणी पाय वाजवला नाही. हेडली बराच वेळ ऐकत राहिला.

मग तो म्हणाला, "चालेल," आणि ट्रेव्हरनं पलंग आत घेतला.